बिनपगारी उन्हाळा

एका कामात पगार होता आणि एसी होता. दुसऱ्यात पगार नव्हता आणि सावलीही नव्हती. एवढं ऐकल्यावर नागपुरातला कोणताही शहाणा माणूस विचारेल, मग यात ठरवण्यासारखं राहिलंच काय? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा भूगोलात एम.ए. करत होते. पहिलं वर्ष संपत आलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी कुठंतरी संशोधनाच्या कामाला लागावं, असा आमच्या विभागाचा आग्रह असे. त्या वर्षी दोन कामं आली. एक शहरातल्या एका मोठ्या संस्थेत होतं. उपग्रहानं काढलेले फोटो कम्प्युटरवर उघडायचे आणि त्यात दिसणारी शेतं, तळी, रस्ते यांच्या कडा माउसनं आखत जायच्या. महिन्याच्या महिन्याला मानधन, थंडगार हॉल, दुपारी कँटीनचं जेवण आणि शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. दुसरं काम आमच्याच विभागातल्या मॅडमचं. जरीपटक्याच्या बाजारामागच्या वस्तीत, टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांच्या घरात थर्मामीटर लावायचे आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन घर किती तापलं, किती निवलं, माणसं कशी झोपली, हे टिपून आणायचं. मे महिन्यात. तेही फुकट.

मॅडम पन्नाशीच्या. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या कारकुनी घरातल्या. आजोबांपासून सगळे कचेरीत बसलेले आणि या मात्र कायम रस्त्यावर. सुती साडी, पायात खेळाचे बूट आणि स्कूटरच्या डिकीत पाण्याची मोठी बाटली. वर्गात त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पेपरात छापून येतं ते तापमान मोकळ्या मैदानातल्या यंत्राचं असतं. तेही सावलीत ठेवलेल्या. माणसं काय मैदानात राहून राहिली का? ती टिनाखाली राहतात. त्यांच्या खोलीत किती असतं, ते कोणी पाहतं?"

माझ्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. मी वाढले ती सावनेरजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत. आमचं क्वार्टर पक्कं होतं, पण आई दुपारी फरशीवर पाणी मारून ओलं लुगडं दाराला टांगायची आणि म्हणायची, आता घटकाभर बरं वाटंल. ते 'बरं' म्हणजे नेमकं किती, हे मोजता येतं, आणि मोजणं हा अभ्यास असू शकतो, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

मी दोन्हीकडे अर्ज केला आणि दोन्हीकडे माझं नाव लागलं. माझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी भंडाऱ्याची, माझ्याच वर्गातली. तिनं फक्त संस्थेत अर्ज केला होता आणि तिचं नाव वेटिंगवर पहिलं होतं.

संस्थेचं पत्र घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या मला थांबवतील, गळ घालतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी पत्र वाचलं आणि परत दिलं.

"मग हे घे," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, तुमचं काम..."

"माझ्याकडे द्यायला काही नाही ग. निधीसाठी दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. ज्यांना घरून जमतं त्या मुली येतील. तुला नाही जमलं तर त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही. शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे ना? विचार कर. घरी बोल."

त्यांनी आग्रह केला असता तर मी कदाचित सहज नाही म्हटलं असतं. आग्रह न केल्यानं पंचाईत झाली.

मी घरी गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे घरी जाण्यासाठी विचार करावा लागत नसे. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसेपर्यंत माझं मनाशी ठरलं होतं, की बाबांना आधी पगाराचं सांगायचं आणि मग हळूच दुसरं.

बाबा खाणीत फिटर. पहिल्या पाळीहून येऊन, आंघोळ करून ते जेवायला बसले होते. आईनं ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि कैरीचा तक्कू वाढला होता.

"बाबा, सुट्टीत दोन कामं मिळून राहिली," मी म्हटलं. "एका ठिकाणी पैसे देतात."

"अन् दुसऱ्या ठिकाणी?"

"दुसऱ्या ठिकाणी नाही देत."

"मंग ते दुसरं काहून सांगून राहिली मले?"

आई हसली. मी नाही हसले. "मले ते करावंसं वाटते," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. टिनाची घरं, थर्मामीटर, मॅडम. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "काम कोणाचं? मॅडमचं. घाम कोणाचा? तुहा. अन् नाव कोणाचं होईन? मॅडमचंच. मले एवढं समजते."

बाबा युनियनचे जुने कार्यकर्ते. कंत्राटी पोरांच्या हजेरीसाठी ते ऑफिसच्या दारात दिवसदिवस बसलेले आहेत. पण हे त्यांचं युनियनमधून आलेलं बोलणं नव्हतं. ते त्याच्याही आधीचं होतं आणि ते त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं. आयटीआय झाल्यावर ते गावातल्या एका वर्कशॉपमध्ये जात होते. मालक म्हणाला होता, आधी काम शिकून घे, मग पाहू. वर्षभर बाबांनी झाडण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं केलं. घरून डबा न्यायचे. वर्ष झाल्यावर मालकानं आपल्या साळ्याच्या मुलाला पगारावर ठेवलं आणि बाबांना म्हणाला, तू तर आता शिकला, तुला कुठंही काम मिळेल.

"खोटं नाही बोलला वं तो," बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. "मिळालं काम. पण ते वर्स माह्या बापानं मले खाऊ घातलं. म्हणजे माह्या बापानं त्या मालकाले पोसलं. शिकवतो म्हणणारा माणूस फुकट राबवते तं तो शिकवते का लुटते, हे समजाले फार उशीर लागते, बाई."

त्यावर बोलली ती आई.

"मंग माहं काय?" ती म्हणाली.

"तुहं काय?"

"लग्न झाल्यापासून राबून राहिली मी. माहा पगार कोणी काढला? युनियननं काढला का?"

"तुहं वेगळं आहे वं."

"कसं वेगळं?"

बाबांनी पाण्याचा गडू उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. आईनं मला भाकर वाढली. म्हणाली, "मी फुकट केलं म्हणून तिनंही करावं, असं नाही म्हणत मी. पण तिले काय पाहिजे ते तं इचारा. पगार नाही म्हणून काम खोटं होत नाही."

बाबांनी हात धुतले. टॉवेलला हात पुसत ते दारात उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडमले भेटतो मी."

मी घाईनं म्हटलं, "बाबा, कॉलेजात असं कोणी येत नाही."

"काहून? कॉलेजले दरवाजा नाही का?"

आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते कॉलेजात आले. युनियनच्या अधिवेशनाला घालायचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी मॅडमना आधी सांगून ठेवलं होतं. माझी खोलीतली मैत्रीण व्हरांड्यात थांबली. म्हणाली, "आतून आवाज वाढला तर मी चहा घेऊन येते." मी बाबांच्या मागे आत गेले.

"बसा ना भाऊ," मॅडम म्हणाल्या.

बाबा बसले. पाणी आलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, माही पोरगी तुमचं लय नाव घेते. म्हणून सरळ बोलतो. तुम्ही पोरायकडून फुकट काम काहून करून घेता?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मॅडमनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"भाऊ, तुम्ही बरोबर विचारलं," त्या म्हणाल्या. "मला उत्तर देता येत नाही. पैसे मागितले, मिळाले नाही. काम थांबवलं असतं, तर उन्हाळा काही थांबला नसता. पण त्याचा भार मी मुलींवर टाकते आहे, हे खरं आहे. म्हणून मी हिला सांगितलं, की ती संस्थेची जागा घे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं म्हटलं त्यायनं?"

मी मान हलवली. हे मी घरी सांगितलंच नव्हतं. सांगायचं सुचलं नव्हतं.

बाबा खुर्चीत जरा मागे टेकले. भांडायला आलेल्या माणसाला समोर भांडणच मिळालं नाही, की तो जसा होतो, तसे ते झाले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पोरी किती वाजता जाणार? दुपारी कुठं थांबणार? एकटी जाणार का दोघी? अनोळखी घरात आत गेल्यावर बाहेर कोण? कुणाला ऊन लागलं तर गाडी कोण आणणार? मॅडमनी काही प्रश्नांची उत्तरं दिली, काहींना म्हणाल्या, याचा विचार झाला नव्हता. बाबा खाणीतल्या माणसासारखे विचारत होते. खाली उतरायच्या आधी वर यायचं कसं, ते ठरवून घेणारे.

शेवटी ते म्हणाले, "पैसे नाही तं नाही. पण मंग बाकीचं पक्कं करा. उन्हाच्या टायमाले कोणी रस्त्यावर नाही. एकटी पोरगी कोणाच्या घरात नाही. जाया-यायचं भाडं पोरीच्या घरचं नाही. अन् जे काही लिहाल, त्याच्यावर या पोरीयचं नाव पाहिजे. सगळ्यायचं. बारीक अक्षरात का होईना."

मॅडम हसल्या, पण थट्टेचं हसणं नव्हतं ते. "ही नावाची अट मला आजवर कुणी घातली नव्हती," त्या म्हणाल्या. "मान्य आहे. भाड्यासाठी मी प्राचार्यांकडे जाते. नाही मिळालं तर मी देईन."

"तुम्ही नका देऊ," बाबा म्हणाले. "तुम्हाले तरी कोण देऊन राहिलं?"

तेव्हा मैत्रीण चहा घेऊन आली. आवाज वाढला नव्हता, पण तिला बाहेर राहवलं नाही.

बसस्टँडवर मी बाबांना म्हटलं, "मंग मी काय करू?"

"ते मी काय सांगू? मी मॅडमसंग बोलाले आलतो, तुह्यासंग नाही." बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाले, "खोलीचं भाडं पाठवीन मी. पण दर वर्सी नाही जमणार, बाई. एवढं ध्यानात ठेव."

शुक्रवारी मी संस्थेला नाही म्हणून कळवलं. त्या जागेवर माझी मैत्रीण लागली. पुढं वर्गात सगळ्यांनी असंच धरलं, की मी तिच्यासाठी जागा सोडली. मैत्रिणीनंसुद्धा एकदा तसं विचारलं. मी तिला खरं सांगितलं, की तुझा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी आला असता तर कदाचित मी ती जागा सोडलीच नसती, कारण उपकार केल्यासारखं वाटलं असतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मलाही ते ओझं वाटत होतं."

मग मे महिना आला.

सकाळी लवकर आम्ही मेट्रोनं इंदोऱ्याला उतरायचो आणि तिथून चालत जायचो. माझ्या जोडीला वर्गातली एक अबोल मुलगी होती. बाजारातली दुकानं अजून उघडायची असत. बाजाराच्या मागे गल्ल्या अरुंद होत जातात आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी उभी आहेत. वरच्या खोल्यांवर टिन. प्रत्येक घरात आम्ही एक छोटा थर्मामीटर लावला होता. दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान तो स्वतःच लक्षात ठेवायचा. आम्ही आकडा टिपून बटण दाबलं की तो नवा दिवस सुरू करायचा.

लोकांनी त्या थर्मामीटरला पाहुण्यासारखं वागवलं. एका घरात तो देव्हाऱ्याशेजारी गेला, कारण तिथं कुणाचा हात लागत नाही. एका घरातले आकडे अचानक इतके थंड यायला लागले, की मॅडम म्हणाल्या, जाऊन पाहा. तिथल्या आजीनं तो काढून कूलरच्या समोर टांगला होता. "दिनभर तप रहा था बेचारा," ती म्हणाली. मी तिला समजावलं, की त्याला तापू द्यायचं आहे. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी माणुसकी सोडली आहे.

ज्या घराची मला सगळ्यात जास्त आठवण येते, ते लोखंडी जिन्याच्या वर होतं. एक खोली, तिच्यात शिवणयंत्र, आणि यंत्रावर साड्यांना फॉल लावणारी बाई. बाजारातल्या दुकानांचं काम तिच्याकडे यायचं. तिची सासू खाटेवर असे. म्हातारी फार बोलायची नाही, पण आम्ही आलो की हात वर करून पंख्याकडे बोट दाखवायची. बसा म्हणून.

एकदा त्या बाईनं विचारलं, "इसका तुमको कितना मिलता है?"

"कुछ नहीं, दीदी."

तिनं यंत्र थांबवलं. "कुछ नहीं? इतनी धूप में?" आणि त्या दिवसापासून ताक प्यायल्याशिवाय तिनं आम्हाला जिना उतरू दिला नाही. तिला आमची दया येत होती. मला त्याचं आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं.

खोलीवर परतलं की मैत्रीण संस्थेतून आलेली असे. तिचा चेहरा ताजा, माझा कोळशासारखा. ती नवी सॉफ्टवेअरं शिकत होती, तिथल्या मोठ्या लोकांबरोबर जेवत होती. मला वाईट वाटत नाही, असं मी तिला सांगायचे, पण वाईट वाटायचंच. पहिलं मानधन आलं तेव्हा ती माझ्यासाठी बूट घेऊन आली, कारण माझ्या चपलेचा तळ रस्त्याला चिकटून सुटला होता.

"मी मागितले होते का?" मी एकदम म्हटलं.

ती खोका खाटेखाली सरकवून स्वयंपाकाला लागली. तिनं भात लावला, मी कांदा चिरायला घेतला. मग मीच विचारलं, "कोणत्या नंबरचे आहेत?" बूट बरोबर बसले. त्यानंतर तिनं काही आणलं की मी मुकाट्यानं घ्यायला शिकले. ते उन्हात फिरण्यापेक्षा अवघड होतं.

नवतपा लागला, वर्षातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. त्या दिवसांत नागपुरात दुपारी कावळासुद्धा बाहेर दिसत नाही. बाबांच्या अटीप्रमाणे आम्ही संध्याकाळी ऊन कलल्यावरच निघायचो. एका संध्याकाळी जिन्याच्या घराखाली पोचलो तर गल्लीत वीज नव्हती. दुपारपासून गेली होती. वर चढलो. यंत्र बंद होतं. फॉलवाली बाई खाटेजवळ बसून सासूला हाका मारत होती. म्हातारीचे डोळे अर्धे मिटलेले, अंग भट्टीसारखं, आणि घाम नाही.

आम्हाला मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, घाम थांबला की वेळ घालवायचा नाही. माझ्या जोडीदारणीनं, त्या अबोल मुलीनं, खिडकीतून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. बाई रडत रडत माठातलं पाणी चादरीवर ओतत होती, मी ती चादर म्हातारीच्या अंगावर घातली, मानेला, काखेत ओला कपडा लावला. शेजारचे चार लोक धावत आले, पण खाट त्या जिन्यावरून उतरत नव्हती. आधी कुणी म्हणे पाठीवर घ्या, कुणी म्हणे झोळी करा. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीनं बांधून तिला खाली आणलं. मी पुढून तिचे पाय धरले होते. लोखंडाचा कठडा अजून हाताला चटके देत होता.

अॅम्ब्युलन्स आली. मॅडमनाही कळवलं होतं; त्या स्कूटरवर तिच्यामागोमाग सरकारी दवाखान्यात पोचल्या आणि तिथंच थांबल्या. म्हातारी वाचली. काही दिवसांनी घरी आली. आधीपेक्षा थकलेली, पण पंख्याकडे बोट दाखवणारी.

त्या संध्याकाळचा त्या घरातला आकडा आमच्याकडे नाही. बघायचं लक्षातच राहिलं नाही. मी मॅडमना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "रिकामी ठेव ती जागा. रिकामी का आहे, ते आपल्याला माहीत आहे."

बाबांना मी फोनवर सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, ये म्हणतील घरी. त्यांनी आधी विचारलं, "तू ठीक आहे ना?" आणि मग, "जिन्यावरून कशी उतरवली तिले?"

मी सांगितलं. खुर्ची, ओढणी.

"तोंड कोणीकडे केलं होतं तिचं? वर का खाली?"

"खाली. पाय पुढं."

"बरोबर केलं," बाबा म्हणाले. "मांगून धरणारा मजबूत पाहिजे. पायाकडून कोण होतं?"

"मी."

बाबा आधी 'हं' म्हणाले. मग म्हणाले, "अजून कोणत्या घरी असा जिना आहे? मॅडमले सांग, खाली राहणाऱ्या लोकायचे नंबर घेऊन ठेवा." त्यानंतर दर फोनवर ते विचारायचे, टिनाच्या घरात आज किती होतं? मी सांगायचे. ते आईला मोठ्यानं सांगायचे आणि मागून आईचा आवाज यायचा, "बाप्पा!"

सुट्टी संपली, थर्मामीटर उतरवले. मॅडमनी वॉर्डाच्या कार्यालयात सगळं नीट मांडून दाखवलं. टिनाची खोली सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ तापलेलीच राहते आणि म्हातारी माणसं त्याच वेळी आडवी होतात, हे त्यातलं मुख्य. साहेबांनी ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांनी काही छपरांना पांढरा चुना मारला, तेवढं झालं. त्यापेक्षा जास्त झालं असं मी सांगणार नाही. अभ्यास एका छोट्या नियतकालिकात आला, आणि त्यावर आम्हा सगळ्यांची नावं होती. बाबांनी ते पान खाणीत नेऊन दाखवलं. इंग्रजी कुणाला वाचायचं नव्हतं, नाव तेवढं पाहिलं.

पुढच्या वर्षी मॅडमनी पुन्हा विचारलं. मला जमण्यासारखं नव्हतं आणि मी सरळ तसं सांगितलं. त्या सुट्टीत मी एका कंपनीत नकाशांचं पगारी काम केलं. आता तेच काम करते. दिवसभर थंड हॉलमध्ये बसून शेतांच्या कडा आखते आणि महिन्याला घरी पैसे पाठवते. आणि जिला तेव्हा संस्थेत जागा मिळाली, ती माझी मैत्रीण आता पीएच.डी. करते आहे, टिनाच्याच घरांवर, मॅडमच्या हाताखाली. तिला शिष्यवृत्ती आहे. आम्ही भेटलो की ती मला विचारत राहते, त्या गल्लीत कोणाकडे जायचं, कोण बोलतं, कोण नाही. परवा म्हणाली, "त्या उन्हाळ्यात मला तुझा फार हेवा वाटायचा. तू येऊन त्या आजीची गोष्ट सांगायचीस आणि मी दिवसभर तळ्याच्या कडा आखून आलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बुटांवरून एवढी चिडलीस. मी कशाला बोलते?"

मागच्या महिन्यात कॉलनीतल्या शेजाऱ्यांच्या मुलीचा फोन आला. बी.एस्सी.ला आहे. तिच्यापुढंही तसेच दोन पर्याय होते, एक लॅबमधला पगारी, एक बिनपगारी. "ताई, कोणतं घेऊ?" तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, घरचं कसं आहे? राहायचं कुठं? शिकवणारं कोण आहे आणि नाव देणार का? ती कंटाळली. "ताई, तुम्ही एक सांगा ना सरळ."

 मी म्हटलं, "तुले दोन्हीतलं कोणतं करावंसं वाटते?"

"वाटते तं बिनपगारी," ती म्हणाली. "पण मले पैसे पाहिजेत. लहान भावाची फी आहे."

"मग पगारी घे," मी म्हटलं. "आणि वाटतं ते विसरू नको. ते कुठं पळून जात नाही."

तिनं पगारी घेतलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोटो पाठवला. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडभर हसू. तो मी आईला दाखवला. आईनं चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "कोट मोठा झाला तिले. पण शोभते पोट्टी."